तुझ्या अर्जावर मी लिहिलेली हरकत

कुमुद, कोर्टात वकिलांच्या बार रूममध्ये तुझी शोकसभा झाली. अध्यक्षांनी तुला 'मनमिळाऊ आणि मृदुभाषी' म्हटलं. मला हसू फुटलं. ते लपवायला मी रुमाल तोंडाशी धरला, तर शेजारची बाई माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. तिला वाटलं, मी रडतेय. तू आणि मृदुभाषी. अगं, एका साक्षीदाराला तू उलटतपासणीत असं पिळलं होतंस की तो बिचारा बाहेर आला, पाणी प्यायला आणि तुलाच विचारायला लागला, "बाई, मी आत नेमकं काय सांगितलं?" अध्यक्ष तेव्हा शाळेत असतील.

मग मलाही दोन मिनिटं बोलायला सांगितलं. सगळ्यांना ठाऊक, कुमुद आणि नलिनी, अडतीस वर्षं समोरासमोर भांडल्या आणि एका डब्यात जेवल्या. मी उठले, म्हणाले, "गुडघा दुखतोय, उभं राहवत नाही," आणि खाली बसले. गुडघा दुखतच होता. पण जे बोलायचं होतं ते तिथं बोलण्यासारखं नव्हतं आणि दुसरं काही तोंडात येत नव्हतं. म्हणून आता घरी बसून लिहितेय. तू वाचणार नाहीस, ठाऊक आहे. तशीही माझी कैफियत तू कधी शेवटपर्यंत वाचली नाहीस, पहिलं पान बघायचीस आणि म्हणायचीस, "नले, फार लिहितेस."

थकले गं मी. हे वाक्य मी तुला इतक्यांदा ऐकवलं आहे की त्याची किंमतच गेली असेल. पहाटे पाचला उठायचं, कारण आमचे हे सातपूरच्या कारखान्यातून रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी पहिल्या पाळीच्या वेळेलाच जागे होतात आणि चहाची वाट बघत गॅलरीत बसतात. कणीक मळायची, भाजी टाकायची, साखर तपासायची, गोळी घ्यायची, डबा भरायचा, फायली पिशवीत कोंबायच्या आणि अकराच्या आत कोर्टात उभं राहायचं. संध्याकाळी पक्षकार आणि रात्रीला वरण-भात. सासष्टाव्या वर्षी माणसाने एवढं करू नये असं मी म्हणायची आणि तू म्हणायचीस, "मग काय करावं? मी घरी एकटी बसून भिंतींची उलटतपासणी घेऊ?"

हा आपला वाद शेवटपर्यंत मिटला नाही. कोट कधी उतरवायचा. मी म्हणायची, आपण दोघींनी एकाच दिवशी सनद टेबलावर ठेवावी आणि चालतं व्हावं. तू म्हणायचीस, आधी तू जा, तुझे सगळे दावे मी जिंकते आणि मग बघते. खरं सांगायचं तर तू थांबत नव्हतीस म्हणून मी थांबले नाही. तुझ्यासमोर दुसरं कोणी उभं राहिलेलं मला चाललं नसतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या कोर्टाचे जिने आठवतात ना. लिफ्टपुढे ही झुंबड, म्हणून आपण जिन्याने जायचो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दोघींचाही श्वास फुलायचा. मग तू हातातली फाईल उघडायचीस आणि मोठ्याने म्हणायचीस, "या मुद्द्यावर तुमचं काय म्हणणं आहे, मॅडम?" मीही चष्मा लावून पानं उलटायची. वर-खाली करणारी तरणी वकील पोरं आदराने बाजूने जायची. त्यांना वाटायचं, काय अभ्यास आहे या दोघींचा. फाईल कित्येकदा उलटी धरलेली असायची. श्वास जागेवर आला की तू म्हणायचीस, "ठीक आहे, पाहू," आणि आपण उरलेला मजला चढायचो.

तब्येतीच्या बाबतीत तू नंबरी खोटारडी होतीस. डॉक्टरने तेल बंद केलं की तुला तर्रीवाली मिसळ आठवायची. वर मलाच ऐकवायचीस, "तू तुझी कारली उकडून खा, सुखी राहा." तुझ्या हृदयात स्प्रिंग बसवली ते मला आठ दिवसांनी कळलं, तेही तुझ्या शेजारणीकडून. मी भांडायला आले तर तू पलंगावर बसून केस विंचरत होतीस. म्हणालीस, "सांगून काय केलं असतंस? रडली असतीस. मला रडणारी माणसं आवडत नाहीत."

आता त्या दिवसाकडे येते. येणं भाग आहे.

आमच्या ह्यांना चाळीस वर्षांच्या संसारात 'तारीख' हा प्रकार कळला नाही. त्यांना वाटतं, कोर्ट तारीख देतं. अहो, वकील मागतो तेव्हा कोर्ट देतं. आणि मागताना कारण लिहावं लागतं. ते कारण ठरलेलं, 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे'. भाचीचं लग्न असो, तयारी झालेली नसो, पक्षकार फिरकला नसो, घरी पाहुणे असोत, अर्जात सगळ्यांचीच प्रकृती बिघडते. न्यायाधीशांना माहीत असतं, समोरच्या वकिलाला माहीत असतं. समोरच्याने त्यावर आपलं म्हणणं लिहायचं असतं, हरकत आहे किंवा नाही. आपण दोघी एकमेकींच्या अर्जावर नुसती नजर टाकून लिहीत आलो, 'हरकत नाही'. तुझं माझं कधी ठरलं नव्हतं, पण अडतीस वर्षांत मोडलंही नव्हतं.

त्यातही तुझी एक गंमत होती. खरोखर आजारी असलीस की तू 'घरगुती अडचण' लिहायचीस. स्प्रिंग बसवली तेव्हा तुझ्या अर्जात घरगुती अडचणच होती. आणि तुझ्या लेकीच्या, मुग्धाच्या डोहाळजेवणाला तुझी प्रकृती बिघडली होती. त्यामुळे मला एक सवय लागली. कुमुदने 'प्रकृती' लिहिलं की समजायचं, बाई ठणठणीत आहे.

ताराबाईच्या वाटणीच्या दाव्यात मी तिची वकील, तू तिच्या भावांची. माझा युक्तिवाद मागच्या महिन्यातच झालेला. उरला होता तुझा, आणि त्यासाठी तू दोन तारखा आधीच घेतल्या होत्यास. दोन्ही वेळा प्रकृती. पहिल्या वेळी तू शेजारणीबरोबर सप्तशृंगीला गेली होतीस, हे मला तूच सांगितलंस आणि वर प्रसाद दिलास. मी खाल्ला.

तिसऱ्या तारखेला ताराबाई पेठहून पहिल्या एसटीने आली होती. सत्तरीची बाई, हातात पिशवी, पायात भेगा. कोर्टाबाहेरच्या बाकावर मला म्हणाली, "बाई, आता पुढची तारीख नका देऊ. माझ्याच्यानं येवत नाय. साहेबाची बदली हाय म्हणत्यात. नवा साहेब आला म्हंजे परत पहिल्यापासून, नाय का?" मी म्हटलं, "हो, तसंच होतं." ती म्हणाली, "मंग तुमी हाव ना." एवढंच म्हणाली. मी तिला शब्द दिला, आज संपवूनच जाऊ.

आणि तू आलीस. हातात अर्ज, चेहऱ्यावर घाम. एप्रिलमध्ये काळ्या कोटात कोणाला घाम नसतो? माझ्या टेबलावर कागद ठेवून म्हणालीस, "नले, सही दे. बरं नाही."

मी अर्ज वाचला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट वाचला. 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे.' मी म्हटलं, "कुमे, आता हे कारण बदल. तिसरी वेळ आहे."

तू म्हणालीस, "खरंच बरं नाही गं."

मी म्हटलं, "दरवेळी खरंच असतं."

माझ्यामागे ताराबाई उभी होती. तिच्यासमोर मी सही केली असती तर ती म्हणाली असती, या दोघी एकच आहेत. ती पूर्वी एकदा म्हणालीही होती. मी पेन उघडलं आणि लिहिलं, 'तीव्र हरकत आहे. वादी वृद्ध आहे. दोन तारखा यापूर्वी दिल्या आहेत. अर्ज नामंजूर करावा.' अक्षर चांगलं आलं होतं. तू ते वाचलंस, माझ्याकडे बघितलंस आणि कागद साहेबांपुढे ठेवलास.

साहेब म्हणाले, "समोरच्यांची हरकत आहे, बाई. आज संपवून टाका." तू एक शब्द बोलली असतीस, "साहेब, छातीत जड वाटतंय", तर त्यांनी त्या क्षणी तारीख दिली असती. मीही हरकत मागे घेतली असती. घेतली असती ना? मी स्वतःला रोज हे विचारते. तू गळ्यातला पांढरा बँड नीट केलास आणि उभी राहिलीस.

पन्नास मिनिटं बोललीस. डावा हात टेबलावर टेकलेला. मधे दोनदा थांबून पाणी प्यायलीस. मला वाटलं, नाटक करतेय, साहेबांना दया यावी म्हणून. खोटं कशाला बोलू, मला हेच वाटलं. जमिनीच्या जुन्या नोंदीवर तू जो मुद्दा काढलास तो माझ्या ध्यानातही आला नव्हता आणि मला तुझा राग आला. एवढी तयारी करून ही बाई तारीख मागत होती, असं मनात आलं. काय म्हणावं मला.

संपल्यावर तू माझ्या टेबलापाशी आलीस, माझ्याच बाटलीतलं पाणी प्यायलीस आणि म्हणालीस, "घे, झालं तुझं काम." मी डबा पुढे केला. तू म्हणालीस, "आज नको. मुग्धा आलीय पुण्याहून." मग तर माझी खात्रीच पटली. म्हणजे लेक आलीय म्हणून तारीख हवी होती. मी मनात म्हटलं, बघ, पकडली. जिन्यावरून तू एकटी उतरलीस. मी आले नाही सोबत.

त्यानंतर पाच दिवस मी तुला फोन केला नाही. तूही केला नाहीस. आपले रुसवे असेच असायचे, आठवडाभर टिकायचे आणि मग कोणाच्या तरी डब्यात पुरणपोळी निघायची. तिसऱ्या दिवशी मी फोन हातात घेतला होता. इतक्यात ह्यांनी विचारलं, माझा चष्मा कुठे आहे, आणि मी फोन ठेवून चष्मा शोधायला लागले. पाचव्या दिवशी सकाळी मुग्धाचा फोन आला. "मावशी, आई गेली." मी मूर्खासारखं विचारलं, "कुठे?"

तुझी लेक रडली नाही, कुमुद. अमरधाममध्ये नाही, दहाव्याला नाही. तुझ्यासारखीच कोरडी. सगळ्यांना चहा विचारत होती. चौदाव्याला जेवणं आटोपली, माणसं पांगली, मी मागे भांडी आवरायला थांबले, तेव्हा ओट्याला टेकून ती मला म्हणाली,

"मावशी, मला आईचा एवढा राग आलाय की रडूच येत नाही."

मी म्हटलं, "असं बोलू नये गं."

"का नाही बोलायचं? मी रजा काढून आले होते. लेकराला सासूकडे ठेवून. आदल्या रात्री फोनवर तिचा आवाज ऐकूनच मी निघाले. दुपारी बाराची डॉक्टरची वेळ घेतली होती. सकाळी म्हटलं, जाऊ नकोस. तर म्हणाली, बघते, लवकर येते. मी कपडे करून बसलेले. आली तीन वाजता. डॉक्टर निघून गेले होते, पुढची वेळ आठ दिवसांनी मिळाली. मी विचारलं, तारीख का नाही घेतलीस? तर म्हणते, मॅटर महत्त्वाचं होतं, नव्हती घ्यायची." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "समोर तर तूच होतीस ना गं? तुझ्याकडे मागितली असती तर तू दिली नसतीस का? तिला मागायचीच नव्हती. लहानपणापासून हेच. आम्ही कायम दुसऱ्या नंबरावर."

मी हातातला डाव पुसत राहिले. कोरडा झाला तरी पुसत राहिले.

तू तिला सांगितलं नाहीस. त्या दिवशी घरी गेलीस, लेक फणफणत होती, छातीत दुखत होतं, आणि तू सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंस. एक वाक्य पुरे होतं, नलीने हरकत घेतली. का नाही म्हणालीस? माझी लाज राखायला? की तुझी वाटत होती, अडतीस वर्षांच्या मैत्रिणीने साधी सही दिली नाही म्हणून? आयुष्यभर तू माझी एक चूक सोडली नाहीस, भर कोर्टात वाभाडे काढलेस. नेमकी हीच कशाला सोडलीस?

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "हट्टी होतीच ती." तुझ्या घरात, तुझ्या ओट्याशी उभं राहून, तुझ्या लेकीला.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर खाली ठेवला, हेच मोठं. म्हणाले, "कशाला सांगतेस तिला? गेलेलं माणूस परत येणार आहे का? पोरगी उगाच तुला दोष देईल. तू तुझ्या अशिलाचं काम केलंस." बरोबर आहे. मी माझ्या अशिलाचं काम केलं. ताराबाईला मी आजही त्या बाकावर वेगळं काही सांगू शकणार नाही. निकाल पुढच्या आठवड्यात आहे आणि तुझ्या त्या मुद्द्यामुळे निम्मा तरी तू नेणार असं वाटतं. पण हे सगळं मी मुग्धाला समजावत बसले असते तर तो पुन्हा युक्तिवादच झाला असता. तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती, की आईने मरायच्या आधी पाच दिवस आपल्याला आणि कोर्टाला तराजूत घातलं आणि कोर्ट निवडलं. हे घेऊन ती पुण्याला जाणार होती. जन्मभर वागवणार होती. आणि ते खोटं आहे हे या जगात ठाऊक असलेली मी एकटी.

तरी चार दिवस काढले मी. एक दिवस साखर वाढली, एक दिवस गुडघा, एक दिवस खरंच कोर्टात काम होतं. कारणं काढायला आपल्याला कोणी शिकवायला नको.

आज सकाळी गेले. मुग्धा तुझ्या पुढच्या खोलीत जमिनीवर बसून कायद्याची पुस्तकं खोक्यात भरत होती. बार रूमला देणार म्हणाली. मी खुर्चीत बसले, पाणी मागितलं नाही, प्रस्तावना केली नाही. म्हटलं, "मुग्धा, तुझ्या आईने त्या दिवशी तारीख मागितली होती. लेखी मागितली होती. बरं नाही म्हणून. मी हरकत घेतली. मी सही दिली नाही म्हणून तिला थांबावं लागलं."

तिच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. म्हणाली, "तिने मागितली होती?"

"हो."

"स्वतः?"

"माझ्या टेबलाशी येऊन. खरंच बरं नाही गं, असं म्हणाली. मी ऐकलं नाही."

मला वाटलं, आता बोलेल. काय वाटेल ते बोलेल, आणि मी ऐकायला तयार होऊनच गेले होते. तिने पुस्तक मांडीवर ठेवलं आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "म्हणजे आई येणार होती माझ्याबरोबर."

आणि मग रडली, कुमुद. अठरा दिवसांनी. खोक्यावर डोकं टेकून, लहान पोर रडतं तशी, आवाज काढून. मी उठून जवळ गेले, खांद्यावर हात ठेवला. तिने तो बाजूला केला. हळूच केला, पण केला. मी परत खुर्चीत जाऊन बसले आणि ती रडत राहिली.

शेवटी तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "मावशी, तू आता जा. नंतर कधीतरी बोलू. लगेच नाही." मी चपला घातल्या. दाराशी वाटलं, माफी मागावी, पण ती मागून तिच्यावर उत्तराचं ओझं कशाला टाका. रिक्षा करून घरी आले. गोळी घेतली. ह्यांना वरण-भात वाढला. उद्या दोन दावे आहेत, एकाचीही तयारी नाही.

तुला एवढंच सांगायचं होतं. तुझ्या लेकीचा तुझ्यावरचा राग गेला. आता तो माझ्यावर आहे, आणि तिथेच राहू दे.